फक्त जायाचं तिकीट

...अन् मंग तो रेल्वेचा साहेब मलेच इचारते, का बा, गावातले लोकं गेले कुठी! मले! अरे, मी काय लोकायले खिशात घालून ठेवले का? माह्या मांगं फलाटावर आख्खं गाव उभं राहून त्याच्याकडे टकमक पाहून राह्यलं, बाया पदर तोंडाले लावून हासून राह्यल्या, एक कुत्रं त्याच्या बुटाचा वास घेऊन राह्यलं, अन् हा मानूस कम्प्युटरमधी मुंडकं घालून मले म्हंते, "वैजनाथराव, तुमच्या गावात कोणी राहत नाही. गेले सगळे. आलं कोण?" तुम्हाले सांगतो, भर दुपारची येळ, ऊन असं का फलाटावर पाय टेकवत नव्हता, अन् माह्या अंगावर सर्रकन काटा आला! खोटं नाही सांगत.

तुम्ही हसा. हसा ना, हसाले काय लागते! तुमच्या गावात यष्टी येते, तुमचं बरं हाये. यष्टीचं काय, हात केला, थांबली. नाही थांबली तं मांगून चार शिव्या देल्ल्या, काम खतम. रेल्वेचं तसं नसते बाप्पा. रेल्वे लय मोठी भानगड हाये, पह्यले ते समजून घ्या, नाहीतं मंग म्हनसान, हा वैजनाथ उन्हानं फिरला.

सगळ्यात वर झोन. तो कुठी असते ते मले इचारू नका, म्या पाह्यला नाही अन् पाहाची इच्छा बी नाही. झोनच्या खाली विभाग. विभागाच्या खाली सेक्शन, सेक्शनमधी आमचं जंक्शन, अन् जंक्शनपासून फुटते आमची फाट्याची लाइन, ते मोताळ्याच्या अलीकडं येऊन अशी थकून बसते का पुढं जायाचं नावच घेत नाही. त्या लाइनवर आमचं वडाळखेड. स्टेशन नाही हां! हाल्ट. हाल्टले मास्तर नसते, सिग्नल नसते, झेंडी नसते, पानी नसते. एक फलाट, एक पत्र्याची खोली, खोलीले एक खिडकी, अन् खिडकीत मी. अन् मी बी काय रेल्वेचा मानूस नाही, मी हाल्ट एजंट! म्हंजे जंक्शनवर जायाचं, आपल्या पदरच्या पैशानं तिकिटाचा गठ्ठा आनायचा, गावात इकायचा, अन् जे कमिशन भेटते त्याच्यात चहा प्याचा. बिस्कीट नाही. नुसता चहा.

गाडी एकच. सकाळी जंक्शनले जाते, संध्याकाळी वापस येते. दुसरी गाडीच नाही तं टक्कर कोनाशी होईन? म्हून डायव्हरच्या हातात एक लाकडी दांडका देऊन ठेवेल हाये. दांडका ज्याच्यापाशी, लाइन त्याची. असा सगळा कारभार! अन् या सगळ्याच्या वर... झोनच्या बी वर म्हना तुम्ही... कंट्रोल. कंट्रोल म्हंजे मानूस नव्हे, आवाज. जंक्शनच्या फोनमधून येते. त्याले कोनी पाह्यलं नाही. मास्तर फोन उचलते अन् खुर्चीतून उठून उभा राह्यते, आता फोनमधून त्याले उभं राह्यलेलं दिसते का? पन राह्यते! कंट्रोलच्या पुढं म्हने एक नकाशा असते, त्याच्यात गाडी म्हंजे एक रेघ. अन् मानूस म्हंजे काय? मानूस म्हंजे तिकीट. तिकीट फाटलं, मानूस गेला. बस. तुमचं नाक-डोयाचं त्याले घेनंदेनं नाही.

आता माही बुढी. मंजुळाबाई. माही माय हो, सख्खी! आमच्या वावरात मेथी, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, वांगे. इतकी वर्सं झाली, रोज सकाळी बुढी डोक्शावर टोपलं घेऊन फलाटावर येते, गाडीच्या मांगच्या डब्यात चढते, जंक्शनच्या बजारात आपल्या जागेवर बसते, संध्याकाळी खाली टोपलं घेऊन वापस. काळी-पिवळी जीपवाला टोपलं घेत नाही, घेतलं तं टपावर बांधते, टपावर मेथी म्हंजे जंक्शनवर पोचता पोचता पालापाचोळा. अन् बुढीच्या गुडघ्याले ते काळी-पिवळीची पायरी मानवत नाही. म्हंजे आमच्या गावात त्या गाडीचा खरा पॅसेंजर कोन? एकटी बुढी. अन् तिकीट?

तिकीट तिनं जिंदगीत घेतलं नाही!

म्या किती येळा सांगतलं, "माय, मी इथं खिडकीत बसतो, माह्या नाकासमोरून तू बिनतिकिटाची जातं, मले बरं दिसते का?" तं टोपलं सावरत म्हंते, "काऊन बे? पोराची गाडी, अन् मायनं तिकीट घ्याचं? उद्या म्हनसीन, चुलीजवळ बसाचं बी तिकीट घे!" आता मी काय गाडीचा मालक हाये का? पन तिले सांगन कोन! गार्ड संघपालभाऊ, त्याले आता ट्रेन मॅनेजर म्हना लागते, पन बुढी त्याले 'ए गाडभाऊ' म्हंते. तो हात देऊन वर घेते अन् म्हंते, "चला आजी, गाडी तुमचीच हाये." झालं! त्यानं बी तेच सांगतलं का मंग इषयच संपला.

तं झालं असं, का मांगच्या साली विभागातून सांगावा आला. वडाळखेडचे तिकीटं कमी इकून राह्यले, असंच राह्यलं तं थांबा बंद. गाडी जाईन, पन थांबनार नाही. बुढीनं ते आयकलं. समजा का आभाय भरलं! त्या दिवशी जेवली नाही, टोपलं भिंतीले उभं करून त्याच्याकडे पाहत बसली. मंग म्हने, "वैजू, बजारातली माही जागा गेली ना, तं मी घरी बसून मरीन बाप्पू." असं. सरळ.

मंग आमच्या सरपंच सिंधूताई. त्याईनं पारावर मीटिंग घेतली. सिंधूताई म्हंजे डोक्शानं लय तेज, अन् तिथंच तं आमचं वाटोळं झालं! म्हने, "हे पाहा, ज्या गावाले गाडी थांबते त्या गावाले लोकं पोरगी देतात. थांबा गेला का गाव गेलं. अन् मंजुळाबाईच्या हातची मेथी कोनी खाल्ली नाही? मंग आपन काय करू, गाडीत बसाची काही गरज नाही, पन रोज घराघरातून तिकीट घेऊ. पाळीपाळीनं. इक्री वाढली का रेल्वेचं तोंड बंद!"

टाळ्या! म्या बी वाजवल्या. सगळ्यायत जोरात म्याच वाजवल्या.

अन् खरंच सांगतो, सोन्याचे दिवस आले हो माह्या खिडकीले! सकाळी लाइन लागे. उकंडराव किरानावाला येऊन म्हने, "वैजनाथ, एक जंक्शन दे, अन् लौकर दे, मले दुकान उघडाचं हाये!" तिकीट घे, खिशात टाक, दुकानात जाय. बाया तिकीट घेत अन् वावरात निंदाले जात. गाडी येई, आख्खं गाव फलाटावरून हात हालवे, बुढी एकटी बिनतिकिटाची चढे, अन् गाडी जाई. विभाग खूश. मास्तर खूश. मी चहासंगं बिस्कीट खाऊ लागलो!

आता तुमच्या ध्यानात आलं का, चूक कुठी झाली? नाही ना? आमच्या बी नाही आलं. आख्ख्या गावाच्या नाही आलं! हाल्टवर तिकीट भेटते ते फक्त जायाचं. वापस याचं तिकीट जंक्शनच्या खिडकीवर. ते कोन घेईन? गेलंच कोनी नाही तं वापस कायले यीन? आपल्याकडं घरातून निघतानी कोनी 'जातो' म्हंते का? सगळे 'येतो' म्हंतात. पन खिडकीत हात घालून आमी रोज काय म्हनत होतो? 'एक जायाचं दे.' रोज! आख्खं गाव! साल भरत आलं, अन् वर कंट्रोलले काय दिसून राह्यलं? वडाळखेडहून लोकं जाऊन राह्यले, जाऊन राह्यले, जाऊनच राह्यले... अन् एक बी मानूस वापस नाही. गावात जेवढे लोकं होते तेवढे गेले. त्याच्या बी वर गेले. मेलेले गेले, जन्माले नाही आले ते बी गेले!

अन् मंग आले ते शेखर साहेब, कम्प्युटर घेऊन. "गेले सगळे. आलं कोण?"

मी म्हनलं, "साहेब, हे काय उभे हायेत ना!" त्यायनं चष्मा काढला, लोकायकडे पाह्यलं, चष्मा पुसला, घातला, पुन्हा कम्प्युटरकडे पाह्यलं. मंग लय हळू आवाजात म्हने, "ते मला दिसतंय हो. पण नोंदीत नाही." रागावून म्हनला असता तं बरं होतं. तो मानूस भेला होता हो! त्याच्या डोयात म्या पाह्यलं. जाता जाता सिंधूताईनं चहा देल्ला, तं त्यानं कपाले हात लावला नाही.

तिथून सुरू झालं. पह्यले बोर्ड. फलाटावरचं गावाचं नाव उन्हानं उडालं होतं, रूळ सांभाळनारे गँगवाले दरसाली रंग द्याचे. औंदा आले, रूळ ठोकले, अन् निंघाले. मी म्हनलं, "अरे, नाव?" तं मुकादम खाली पाहत म्हंते, "हुकूम नाही भाऊ. जिथं कोनी राहत नाही तिथं नाव कायले?" पह्यलं अक्षर गेलं, मंग दुसरं... आता नुसतं 'खेड' उरलं हाये. मंग गाडीतले लोकं! गाडी आली का खिडक्या लावून घ्याले लागले. उन्हायात! आतमधी कोन्या तरी येड्यानं पसरवलं, का हे गाव रिकामं हाये, अन् फलाटावर जे दिसतात ते... समजून घ्या. एक बाई तं आपल्या लेकराचं तोंड दुसऱ्या बाजूले फिरवून बसली. अन् आमचे लोकं बिचारे सवयीनं हात हालवून राह्यले! ते पाहून ते अजूनच भेतात! चनेवाला आमच्या फलाटावर उतरे, तो बंद झाला. रोहिनखेडचे पाहुने पोरगी पाहाले येनार होते, त्यायनं सांगावा धाडला, "आमी आयकलं तुमच्या गावात कोनी नसते." कोनी नसते तं सांगावा कोनाले धाडला बे? पन नाही आले. अन् एका दिवशी उकंडरावनं दुकानाले कुलूप लावलं अन् मोताळ्याले गेला. तो खराखुरा गेला. काळी-पिवळीनं. मंग अजून एक घर. मंग अजून एक.

भेव वाटाले लागलं हो. वर जे मांडेल होतं ते खाली हळूहळू खरं होऊन राह्यलं होतं. मी खिडकीत बसून गल्लीकडे पाहे अन् मनात तोच आवाज... गेले सगळे, आलं कोन?

पुन्हा मीटिंग. सिंधूताईच! म्हने, "सोपं हाये. जायाचे तिकीटं घेतले, आता याचे घेऊ!" टाळ्या कमी वाजल्या, पन वाजल्या. बुधवारी आख्खं गाव काळी-पिवळीत कोंबून जंक्शनले गेलं, खिडकीवर लाइन लावली, "वडाळखेड द्या, वडाळखेड द्या, वडाळखेड द्या!" तिकीट देनारा बुकिंगवाला पांढरा पडला. त्यानं आमच्या गावाचं एक बी तिकीट कवा फाडलं नव्हतं! सगळ्यायनं तिकीटं घेतले, खिशात टाकले, अन्...

अन् काय? गाडी संध्याकाळी. कोनाची भैस दोहाची, कोनाचं पानी सोडाचं. तितका येळ तिथं बसन कोन? काळी-पिवळीत बसून वापस आले!

हसू नका, आता खरं आयका. त्या संध्याकाळी जंक्शनवर कंट्रोलचा फोन. "वडाळखेड का इतना टिकट बिका, गाडी में कितना आदमी है?" मास्तर उभा राहून म्हंते, "साब, वडाळखेड का तो कोई नहीं बैठा. एक बुढिया है, टोकरी के साथ." तिकडून म्हने, "तो बाकी कहाँ गए?" सांगा! तिकीटं फाटले, लोकं गाडीत बसले, अन् वडाळखेडले उतरले नाहीत. चालत्या गाडीतून इतके लोकं गेले कुठी? दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता फुटता पोलीस, गँगवाले, कुत्रे, सगळे लाइनच्या दोन्ही बाजूनं झुडपं हुडकत निंघाले! हातात काठ्या, तोंडावर फडके. अन् हुडकाले मदत कोनी केली? आमीच! आमी बी निंघालो काठ्या घेऊन! सिंधूताई पुढं! अर्ध्या वाटेत मले कळलं, आपन आपल्यालेच हुडकून राह्यलो. एका बाभळीखाली कोनाची तरी जुनी चप्पल सापडली, तं पोलिसानं टोपी काढली अन् आमच्या गावातल्या दोन बाया रडाले लागल्या. काऊन रडता वं? म्हने, "बिचारे!"

मंग शेखर साहेब शेवटचे आले. आता हुकूमच घेऊन आले होते, थांबा बंद कराचा. पन बंद कराच्या आंधी चौकशी कराच लागते, कायदा हाये. म्हने, "गावात एक जरी रहिवासी उरला असला, तरी थांबा काढता येत नाही. एकेकाला विचारतो." फलाटावर टेबल टाकला. पह्यल्या सिंधूताई. "तिकीट घेतलं होतं?" सिंधूताई छाती काढून, "घेतलं तं! रोज!" "या गावाला परत येऊन उतरलात?" "...नाही." साहेबानं मान हालवली, टाइप केलं. "गेल्या." मंग दुसरा. "तिकीट?" "घेतलं साहेब, इमानानं!" "गेले." तिसरा. "गेले." मी म्हनलं, अरे, खोटं बोला ना बे कोनी! पन नाही! गावासाठी तिकीट घेतलं याचा अभिमान! एकेक मानूस टेबलापाशी येते, छाती काढून 'घेतलं' म्हंते, अन् मान खाली घालून वापस जाते. मले इचारलं, म्या बी घेतलंच होतं, कमिशनच्या लोभानं जास्तच. "गेले." तुम्हाले सांगतो, आपल्या तोंडासमोर आपल्याले 'गेले' म्हनलेलं कसं लागते!

तितक्यात बुढी आली. सकाळची गाडी त्या दिवशी उशिरा होती, टोपलं डोक्शावर. साहेबानं थकून इचारलं, "आजी, तिकीट?"

"तिकीट?" बुढी कडाडली ना! "म्या? माह्या पोराच्या गाडीचं तिकीट? जिंदगीत घेतलं नाही, अन् घेनार बी नाही!"

मी मनात म्हनलं, गेली! आता दंड, आता इज्जत, आता सगळंच! पन साहेब हालले नाहीत. कम्प्युटरकडे पाहत राह्यले. मंग म्हने, "एकदाही नाही? म्हणजे तुम्ही कधी गेलाच नाहीत." मी म्हनलं, "साहेब, ते रोज..." तं माह्याकडे असं पाह्यलं का माही जीभ आत गेली. म्हने, "बिनतिकिटाचा प्रवास आमच्याकडे मोजत नाहीत, वैजनाथराव. त्याला रकानाच नाही." अन् टाइप केलं. "रहिवासी, एक. थांबा कायम." मंग कम्प्युटर मिटवला, उठले, अन् जाता जाता मले बाजूले घेऊन म्हने, "यांना जपा. ज्या दिवशी या गेल्या, त्या दिवशी गाव संपलं."

आता तुम्ही म्हनसान, झालं ना चांगलं! थांबा वाचला! हाव, वाचला. उकंडराव वापस आला, दुकान उघडलं. पन आमच्या लाइनवर आता नव्या टीसी मॅडम आल्या, अनुपमा मॅडम. लय चांगल्या, पोरीसारख्या. त्यायनं बुढीले दंड केला नाही, रागावल्या नाही. फक्त डब्यातल्या दुसऱ्या गावच्या मेथीवाल्या बायायच्या समोर हळूच म्हनल्या, "आजी, सगळं गाव तुमच्यासाठी तिकीट घेत होतं म्हणे. तुम्ही एकदाही नाही घेतलं?"

बस. बुढीले ते असं लागलं, असं लागलं, का तिनं डब्यात बसल्या बसल्या कानाले हात लावला. जी बाई साहेबापुढं नाही झुकली, ते एका गोड बोलन्यानं झुकली!

आता रोज सकाळी काय होते सांगू? गाडीची शिटी दुरून आयकू येते. फलाटावर चिटपाखरू नाही, तिकीट घेनं तं गावानं कवाच सोडलं. बुढी एकटी येते. टोपलं खाली ठेवते. कनवटीची गाठ सोडते, खिडकीतून हात आत घालते. मेथीनं हिरवे झालेले बोटं, सुरकुत्या पडेल. अन् म्हंते, "दे वैजू, एक तिकीट दे. पाया पडतो तुह्या. मले इज्जतीनं जाऊ दे." अन् मी, तिकीट इकनं एवढंच ज्याचं काम, मी माह्या सख्ख्या मायच्या हातावर खिडकी लोटतो. आतून कडी लावतो. "नाही भेटत माय! जाय तशीच!"

बाहेर टोपलं उचलल्याचा आवाज. पह्यले 'येतो रे वैजू' म्हनून जाये. आता रागात 'जातो' म्हंते. अन् ते एक अक्षर आयकलं का दिवसभर मले खिडकीतून हालाचा धीर होत नाही. एखांद्या दिवशी गर्दीत मॅडमच तिले तिकीट फाडून देतील, अन् नोंदीत ते बी 'गेली'... संध्याकाळपर्यंत बसून राह्यतो रुळाकडे पाहत. गाडी येते, बुढी उतरते, मी पह्यले तिचं तोंड नाही पाहत हो, मुठी पाहतो. रिकाम्या दिसल्या का मंग जीवात जीव.

तं असं हाये बाप्पा. आख्ख्या रेल्वेत एकटा मीच असीन असा एजंट, का दिवसभरात एक बी तिकीट खपलं नाही म्हून संध्याकाळी मारोतीले नारळ फोडते!